सेल बदलता येईल का?

समजा, गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शाळेत आरोग्य पथक आले आहे. व्हरांड्यात टेबल मांडले आहे. एकेका विद्यार्थ्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जात आहे. ‘सिकलसेल’ची तपासणी चालू आहे. रांगेतील एक मुलगी हळूच विचारते, “सिस्टर, माझा सेल खराब निघाला, तर तो बदलता येईल का?”

रांगेत हशा पिकतो. हसणाऱ्यांना वाटते, हिला घड्याळातला सेल आणि रक्तातला सेल यांतला फरकही कळत नाही!

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही हसला असाल, तर जरा थांबा. घड्याळात सेल, टॉर्चमध्ये सेल, जीवशास्त्राच्या पुस्तकात सेल, हातात सेलफोन, छपरावर सोलर सेल, तुरुंगात सेल आणि पोलिसांचा सायबर सेल! इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव का मिळाले असेल? हा प्रश्न ज्याला पडला नाही, त्याने त्या मुलीला हसू नये. तिच्या प्रश्नाचे उत्तर आपण लेखाच्या शेवटी देऊ. तोवर या शब्दाच्या मागोमाग थोडे हिंडून येऊ या.

दुकानावरचा सेल

प्रथम एक घोटाळा दूर करू. दिवाळीच्या सुमारास दुकानांवर ‘भव्य सेल’ अशा पाट्या लागतात. हा सेल आपल्या गोष्टीतला नव्हे. त्याचे इंग्रजी स्पेलिंग एस-ए-एल-ई असे आहे आणि त्याचा अर्थ विक्री. एस-ई-डबल एल असे लिहिले, तर विकणे हे क्रियापद होते. एस-ए-आय-एल म्हणजे जहाजाचे शीड. आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत तो सेल सी-ई-डबल एल असा लिहितात. इंग्रजीत हे शब्द कागदावर तरी वेगळे दिसतात. देवनागरीत मात्र हे सगळे ‘सेल’ या एकाच रूपात येऊन बसतात. म्हणून मराठीत हा शब्द वाचताना दुप्पट सावध राहावे लागते.

एक लहानशी खोली

‘सेल’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘सेला’ या शब्दावरून आला. सेला म्हणजे लहान खोली किंवा कोठार. रोमन लोकांच्या देवळात ज्या आतल्या दालनात देवाची मूर्ती असे, त्यालाही सेला म्हणत. आपण ज्याला गाभारा म्हणतो, तेच ते. तळघराला इंग्रजीत ‘सेलर’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

पुढे ख्रिस्ती मठांत एकेका साधूला राहण्यासाठी जी लहान खोली मिळे, तिला सेल म्हणू लागले. त्यामुळेच तुम्ही अजिंठ्याविषयीचे एखादे इंग्रजी पुस्तक उघडलेत, तर विहाराच्या मधल्या मोठ्या दालनाभोवती भिक्षूंसाठी कोरलेल्या ज्या छोट्या खोल्या आहेत, त्यांनाही तेथे ‘सेल’ म्हटलेले आढळेल.

साधू आपखुशीने एकटा राहतो. कैद्याला मात्र एकटे ठेवले जाते. तुरुंगातील कोठडीलाही सेल हेच नाव मिळाले. अंदमानात इंग्रज सरकारने १८९६ ते १९०६ या काळात जो तुरुंग बांधला, त्यात कैद्यांना एकत्र ठेवण्याचे मोठे दालनच नव्हते. होत्या त्या एकेकट्यासाठी बांधलेल्या, सातशेच्या आसपास कोठड्या. म्हणून त्याचे नाव ‘सेल्युलर जेल’. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना तेथेच नेण्यात आले होते. ‘सेल्युलर’ हा शब्द ऐकताच आज आपल्याला फोन आठवतो; आपल्या आजोबा-पणजोबांना तुरुंग आठवत असे.

आता या सर्वांत समान काय आहे ते पाहा. मोठ्या इमारतीचा एक लहान भाग. त्याला चारही बाजूंनी सीमा आहे. आणि त्याच्यासारखेच अनेक भाग शेजारी-शेजारी आहेत. हे चित्र मनात पक्के करा. विज्ञानात हा शब्द शिरला, तो हे चित्र बरोबर घेऊनच.

बुचातल्या एकशे सव्वीस कोटी खोल्या

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांचे ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची चित्रे आणि वर्णने त्यात होती. पिसू, उवा, सुईचे टोक अशा वस्तूंबरोबर हुक यांनी बाटलीचे बूचही पाहिले. वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूने त्यांनी बुचाचा अतिशय पातळ काप काढला, तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि वरून प्रकाश पाडला. त्यांना दिसले ते असंख्य पोकळ कप्पे. त्यांनी त्यांची तुलना मधमाश्यांच्या पोळ्याशी केली आणि त्यांना ‘सेल’ म्हटले. पोळ्यातल्या कप्प्यालाही इंग्रजीत सेलच म्हणतात.

हुक नुसते पाहून थांबले नाहीत. त्यांनी मोजले. इंचाच्या अठराव्या भागात एका ओळीत सुमारे ६० कप्पे बसत होते. म्हणजे एका इंचात किती? ६० गुणिले १८ बरोबर १,०८०. एका चौरस इंचात १,०८० चा वर्ग, म्हणजे ११,६६,४००. आणि एका घन इंचात १,०८० चा घन, म्हणजे १२५ कोटी ९७ लाख १२ हजार! हा गुणाकार तुम्हीही वहीत करून पाहा. हुक यांच्या पुस्तकात हाच आकडा छापलेला आहे. बूच वजनाला इतके हलके का, ते पाण्यावर का तरंगते आणि दाबले तर परत का फुगते, या प्रश्नांची उत्तरेही त्यांना या कप्प्यांत कोंडलेल्या हवेत सापडली.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यातील जिवंत भाग केव्हाच नाहीसा झालेला होता. हुक यांनी पाहिल्या त्या नुसत्या भिंती; ज्यांतील राहणारे घर सोडून गेले आहेत अशा रिकाम्या खोल्या! हिरव्या वनस्पतींत हे कप्पे रसाने भरलेले असतात हेही हुक यांच्या नजरेस आले होते. पण नाव मिळाले ते रिकाम्या खोलीचे.

नावाने केलेली फसगत

खोली म्हटली की भिंत आलीच. पुढे बराच काळ वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष भिंतींकडेच अधिक राहिले. त्या काळचे सूक्ष्मदर्शकही आतला पारदर्शक भाग नीट दाखवू शकत नसत. आतला भागच महत्त्वाचा आहे, हे ध्यानात यायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

१८३१ साली रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोल ठिपक्याला ‘न्यूक्लिअस’ असे नाव दिले. आपण त्याला केंद्रक म्हणतो. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असे सांगितले, तर १८३९ मध्ये श्वान यांनी तेच प्राण्यांविषयी सांगितले. पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, ही गोष्ट १८५५ मध्ये फिर्खो यांनी ठासून मांडली. आणि १८६१ मध्ये माक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितले की, पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा. तिला भिंत असलीच पाहिजे असे नाही.

किती गमतीची गोष्ट आहे पाहा! ज्या भिंती पाहून ‘सेल’ हे नाव दिले, त्याच आता अनावश्यक ठरल्या. तुमच्या-माझ्या शरीरातील एकाही पेशीला पेशीभित्तिका नाही. असते ते केवळ एक अत्यंत पातळ पटल. आणि आत रिकामी जागा तर मुळीच नाही. तेथे केंद्रक आहे, ऊर्जा मिळवून देणाऱ्या तंतुकणिका आहेत, प्रथिने बनवण्याची यंत्रणा आहे. भिंती नसलेली, गच्च भरलेली आणि स्वतःपासून दुसरी खोली निर्माण करू शकणारी खोली! नाव तेच राहिले, त्यामागचे ज्ञान पार बदलले.

खोक्यातले कप्पे

आता टॉर्चमधल्या सेलकडे वळू. हुक यांनी ज्या रॉयल सोसायटीत आपले प्रयोग दाखवले, त्याच सोसायटीला १८०० साली इटलीतून अलेस्सांद्रो व्होल्टा यांचे पत्र आले. दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद किंवा कापड, अशी चवड रचत गेले की तिच्या दोन टोकांमधून सतत विजेचा प्रवाह मिळतो, असे त्यांनी कळवले होते. चवड उंच झाली की वरच्या वजनाने खालच्या थरांतले पाणी निथळून जाई. म्हणून लवकरच इंग्लंडमध्ये क्रुकशँक यांनी चवड आडवी केली. एका लांब लाकडी खोक्यात तांबे आणि जस्त यांचे जोडपत्रे उभे बसवून त्यांनी खोक्याचे अनेक कप्पे केले आणि त्यांत द्रव भरला. भिंतींनी वेगळे केलेले, शेजारी-शेजारी असलेले सारखे कप्पे! अशा एकेका कप्प्याला सेल हे नाव शोभून दिसते यात नवल नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवा. रासायनिक क्रियेतून वीज देणारा एक कप्पा म्हणजे एक सेल. असे अनेक सेल एकत्र जोडले की त्यांची बॅटरी होते. बॅटरी हा शब्द तोफखान्यातला आहे. तोफांच्या रांगेला इंग्रजीत बॅटरी म्हणत. १७४९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी एकत्र जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या साधनांना ते नाव दिले. आपल्याकडे तर टॉर्चलाच बॅटरी म्हणायची पद्धत आहे: “बॅटरीतले सेल संपले, नवे आण.” आणि हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्याही फारसे चुकीचे नाही! दीड व्होल्टचे दोन सेल एकामागे एक ठेवले की तीन व्होल्टची बॅटरी होते. मोटारीच्या बॅटरीत सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. म्हणून ती बारा व्होल्टची. पाणी घालायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीवर तुम्हाला सहा बुचे दिसतील. एका सेलला एक बूच.

या ठिकाणीही खोलीचे चित्र आपल्याला फसवू शकते. कोठारात धान्य भरावे तशी सेलमध्ये वीज भरलेली असते, असे अनेकांना वाटते. तसे नसते. सेलमध्ये रसायने असतात. मंडल पूर्ण झाले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि तारेतून इलेक्ट्रॉन वाहू लागतात. साध्या कोरड्या सेलचे जस्ताचे डबडे हे नुसते भांडे नसते. ते स्वतःच हळूहळू झिजत असते. ‘सेल संपला’ म्हणजे आतली वीज संपली असे नव्हे, तर क्रिया चालू ठेवणारी रसायने संपली. हे तुम्ही परीक्षेत लिहिलेत, तर गुण मिळतीलच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खरे आहे.

सोलर सेलच्या बाबतीत ही फसगत आणखी मोठी होते. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करत असे. आजचे घट त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. परंतु या सेलमध्ये ना खोली, ना भिंत, ना द्रव. असते ती सिलिकॉनची पातळ चकती. तिच्यावर प्रकाश पडला की सुमारे अर्धा व्होल्ट विभवांतर मिळते, प्रकाश गेला की काही नाही. ती वीज साठवत नाही. छपरावर पॅनेल असूनही रात्री दिवा लावायचा, तर वेगळी बॅटरी लागते ती याचसाठी.

मोबाइलचा सेल कोठे असतो?

सेलफोनमधला सेल कोणता, असे विचारले तर बहुतेक जण फोनच्या बॅटरीकडे बोट दाखवतील. फोनची बॅटरी हा लिथियम-आयन प्रकारचा सेल असतो हे खरे. पण फोनच्या नावातला सेल तो नव्हे. तो फोनमध्ये नसतोच. तो फोनभोवती असतो!

बिनतारी बोलण्यासाठी ठरावीक वारंवारतेच्या लहरी लागतात आणि त्यांची संख्या मर्यादित आहे. शहराच्या मध्यभागी एकच उंच मनोरा उभारून सर्वत्र लहरी पाठवल्या, तर एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येईल. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका टिपणात वेगळी युक्ती मांडली. शहराचे लहान-लहान भाग करायचे. प्रत्येक भागाला स्वतंत्र, कमी शक्तीचे प्रक्षेपण केंद्र द्यायचे. शेजारच्या भागांना वेगळ्या वारंवारता द्यायच्या. पण जरा दूरच्या भागात त्याच वारंवारता पुन्हा वापरायच्या. लहरी कमी शक्तीच्या असल्याने त्या एकमेकींत मिसळत नाहीत. या एकेका भागाला म्हणतात सेल. तुम्ही बोलत-बोलत बसने चाललात, की एका सेलचे केंद्र तुमचा फोन पुढच्या सेलच्या केंद्राकडे सोपवते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला तीस-पस्तीस वर्षे गेली. १९७९ मध्ये टोकियोत आणि १९८३ मध्ये शिकागोत अशी सेवा सुरू झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला.

कागदावर हे सेल षट्कोनी काढतात. असे का? मनोऱ्याभोवती लहरी साधारणपणे वर्तुळात पसरतात. पण वर्तुळे शेजारी-शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. फट न ठेवता जागा झाकू शकणाऱ्या नियमित आकृत्या तीनच: समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. आता मनोऱ्याचा पल्ला १ किलोमीटर आहे असे धरा. त्या वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे १.३० चौरस किलोमीटर भरते, चौरसाचे २.००, आणि षट्कोनाचे २.६०. म्हणजे १०० चौरस किलोमीटरच्या शहराला त्रिकोणी सेल केले तर ७७ मनोरे, चौरस केले तर ५० आणि षट्कोनी केले तर ३९ मनोरे पुरतील. मधमाश्यांचे पोळे पुन्हा आले की नाही? प्रत्यक्षात डोंगर, इमारती, झाडी यांमुळे सेलच्या सीमा वेड्यावाकड्या होतात. षट्कोन हे आराखड्याचे चित्र आहे.

एक रुपयाची सात नाणी घ्या. एक मध्ये ठेवून त्याच्याभोवती इतर लावत जा. बरोबर सहा नाणी बसतील, ना कमी ना जास्त. म्हणजेच प्रत्येक सेलला सहा शेजारी.

मराठीने काय केले?

इंग्रजीत या सर्वांना एक शब्द आहे. मराठीने मात्र प्रत्येक वस्तूसाठी वेगळा शब्द घेतला. सजीवाची ती पेशी, विजेचा तो घट, तुरुंगातली ती कोठडी, पोळ्यातला तो कप्पा आणि सरकारी कार्यालयातला किंवा पोलिसांचा सेल म्हणजे कक्ष. यातला ‘घट’ पाहा. इंग्रजांना खोली दिसली. आपल्या शब्दात मडके आले. जुन्या विद्युतघटांत खरोखरच मातीचे सच्छिद्र भांडे ठेवत असत, त्यामुळे हे नाव चपखल बसते.

वेगळे शब्द असण्याचा मोठा फायदा आहे. ‘पेशी बदलता येईल का’ असे कोणी विचारले, तर घड्याळाची आठवण कोणालाही होणार नाही. पण थोडा तोटाही आहे. पेशी, घट आणि कोठडी ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे मराठी शब्दांवरून मुळीच कळत नाही. त्यासाठी इंग्रजी शब्द ठाऊक असावा लागतो.

शिवाय मराठी शब्दही जपून वापरावे लागतात. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. मराठीतल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. हिंदी पुस्तकातून अभ्यास करणाऱ्या मित्राशी बोलताना हे विसरलात, तर दोघांचाही गोंधळ उडेल. आणि हिंदीत न्यायालयातल्या सुनावणीच्या तारखेलाही पेशी म्हणतात, ते वेगळेच!

तेव्हा कोणताही ‘सेल’ समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हा कोणत्या मोठ्या गोष्टीचा भाग आहे? याची सीमा कशाची आहे? आत काय आहे? आणि तो ‘संपतो’ किंवा ‘बिघडतो’ म्हणजे नेमके काय होते? चौथ्या प्रश्नाशी आपण आलो की ती रांगेतली मुलगी पुन्हा समोर उभी राहते.

आता तिचे उत्तर

सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे येथे रक्तातील तांबडी पेशी. १९१० मध्ये शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. भारतात हा दोष असल्याचे १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींच्या रक्ततपासणीतून दिसून आले. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे तो विशेष आढळतो.

तांबड्या पेशीत हीमोग्लोबिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. त्यातील एका साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये या ओळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. १९५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी हे दाखवून दिले. १४६ पैकी एक मणी चुकीचा! पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी ताठ, विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

मग ही पेशी बदलता येईल का? पहिले उत्तर असे की, ती सतत बदलतच असते! निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. हाडांतील अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार करते. विळ्यासारखी होणारी पेशी मात्र १० ते २० दिवसांतच मोडते. शरीर तिच्या जागी नवी पेशी देते. पण ती नवी पेशीही त्याच चुकीच्या जनुकाच्या सूचनेनुसार बनलेली असते. घड्याळाचा सेल बदलला की काम भागते, कारण नवा सेल दुसऱ्या कारखान्यातून येतो. येथे कारखाना तोच आहे.

म्हणून दुसरे उत्तर: बदलायचा तर कारखाना बदलावा लागतो. जुळणाऱ्या दात्याची, बहुधा सख्ख्या भावाची किंवा बहिणीची, अस्थिमज्जा रुग्णाला देऊन हा रोग बरा करता येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका या देशांनी रुग्णाच्याच मज्जेतील पेशींच्या जनुकांत बदल करण्याच्या उपचारालाही मान्यता दिली. हे उपचार अवघड आणि अतिशय खर्चिक आहेत. बहुतेक रुग्णांसाठी नियमित तपासणी, भरपूर पाणी पिणे आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे हाच आधार असतो.

आणि तिसरे उत्तर त्या मुलीइतकेच रांगेतल्या सर्वांसाठी आहे. हा आजार स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच तो होतो. एकाकडूनच मिळाले तर माणूस वाहक असतो आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर दर खेपेस मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण दोषमुक्त असण्याची चारात एक असते. आपण वाहक आहोत का, हे आधीच कळावे म्हणूनच शाळेत ही तपासणी करतात. तेव्हा ‘माझा सेल खराब निघाला’ याचा अर्थ काय, हे नीट समजणे ही केवळ भाषेची बाब नाही. निकालाच्या कागदावर ‘वाहक’ असा शब्द पाहून उगाच घाबरायचे की शांतपणे पुढचा विचार करायचा, हे त्यावर ठरते.

आता सांगा, त्या मुलीचा प्रश्न हसण्यासारखा होता का? एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर तिने उडी मारली खरी. पण ती जेथे उतरली तेथेच आजचे वैद्यकशास्त्रही काम करत उभे आहे. तुमच्या वर्गात असा प्रश्न कोणी विचारला, तर हसण्याऐवजी वरचे चार प्रश्न विचारून पाहा.

करून पाहा

१. कांद्याचा आतला पातळ पापुद्रा काचपट्टीवर घेऊन त्यावर आयोडीनच्या विरल द्रावणाचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकातून पाहा. हुक यांना दिसलेल्या भिंती तुम्हाला दिसतील; शिवाय त्यांना बुचात जे दिसणे शक्य नव्हते, ते केंद्रकही दिसेल.

२. संगणकावरील तक्त्यात एका चौकटीलाही सेल म्हणतात. वरचे चार प्रश्न त्या सेलला विचारा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही?

३. वर्तमानपत्रात आठवडाभरात जेथे-जेथे ‘सेल’ हा शब्द येईल, तेथे तो सी-ई-डबल एलचा आहे की एस-ए-एल-ईचा, ते ओळखून वहीत नोंदवा. प्रत्येक नोंदीपुढे तेथे कोणता मराठी शब्द चालला असता, तेही लिहा.